अणुभट्टीचे सांडपाणी : तुरटी-निवळीपासून तारापूरपर्यंत

अणुशक्तीसारखा विषय घेऊन आमच्यासारख्या, नववीतच शाळा सुटलेल्या माणसाने वसंतातल्या या व्यासपीठावर उभे राहावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. ते वाजवीच आहे. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. जे काही थोडेफार शिकलो ते कारखान्यांच्या फाटकासमोर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि नगर वाचन मंदिरात. तेव्हा अणूचे शास्त्र आम्ही सांगावे आणि आपण ऐकावे, असा आव आणण्याची आमची इच्छा नाही. आम्ही सांगणार आहोत तो एका कामाचा इतिहास. घाण पाणी गाळणे, हे ते काम. पाणी अणुभट्टीचे आहे, एवढाच काय तो फरक. पण तो फरक लहान नाही.

या विद्येशी आमची पहिली गाठ पडली ती भोसरीत, सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी. तिथल्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात (नाव घेण्याचे प्रयोजन नाही) निकेलच्या हौदातून निघालेले हिरवट पाणी दोन उंच टाक्यांतून सोडीत. टाक्यांत मोहरीच्या दाण्याएवढे पिवळसर मणी भरलेले होते. त्याला तिथे सगळे ‘रेझिन’ म्हणत. वरून हिरवे पाणी जाई आणि खालून नितळ बाहेर येई. आम्हाला मोठा चमत्कार वाटला. टाक्यांवर काम करणाऱ्या गृहस्थाला आम्ही विचारले, ‘‘निकेल गेले कुठे?’’ तो म्हणाला, ‘‘जातंय कुठं, भाऊ? मण्यात बसलंय. मणी भरले की अ‍ॅसिडनं धुवायचे. ते धुणार कोण? मीच.’’ त्याचे हात मनगटापर्यंत फुटलेले होते. निकेलच्या कामातली ती खाज प्लेटिंगवाल्यांना चांगली ठाऊक असते. पुढे ते मणी पार निकामी झाले, तेव्हा मालकाने ते पोत्यांत भरून एका ओढ्याकाठी टाकले, आणि पोती उचलायला लावली तीही त्याच माणसाला. पाणी मात्र तपासणीत दर वेळी पास झालेले होते.

‘मण्यात बसलंय’ हे त्याचे शब्द आमच्या मनात राहिले. पुढे ट्रॉम्बे आणि तारापूरविषयी जेव्हा जेव्हा वाचले, तेव्हा तेव्हा ते आठवले.

पाणी निवळण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी, रांजणाच्या आतल्या अंगाला निवळीचे बी उगाळावे, रात्रभर ठेवावे, सकाळी साका तळाशी बसलेला असतो. वरचे पाणी अलगद काढून घ्यावे. पण यातून जातो तो गढूळपणा. मीठ विरघळलेले पाणी कितीही वेळा फडक्यातून गाळले तरी मीठ फडक्यावर राहत नाही. अणुभट्टीच्या पाण्यातले किरणोत्सर्गी धातू बहुतांशी असेच, मिठासारखे विरघळलेले असतात. त्यांना काढायचे तर गाळणी वेगळी हवी.

ती वेगळी गाळणी पहिल्यांदा नजरेस आली ती शेतात. १८५० साली इंग्लंडात एच. एस. टॉम्प्सन नावाच्या जमीनदाराने आणि जे. टी. वे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने शेतीच्या एका नियतकालिकात आपापले प्रयोग छापले. शेणखतातला अमोनिया पावसाने वाहून का जात नाही, हा त्यांचा प्रश्न होता. मातीने भरलेल्या नळीतून त्यांनी अमोनियाचा क्षार सोडला, तेव्हा अमोनिया मातीने धरून ठेवला आणि त्याच्या बदल्यात चुना पाण्यात सोडून दिला. माती नुसती गाळत नव्हती, ती अदलाबदल करीत होती. एकाला ठेवून घ्यायचे आणि दुसऱ्याला मोकळे करायचे, हा तो व्यवहार. शास्त्रज्ञ त्याला आयन-विनिमय म्हणतात. भोसरीच्या टाकीत चालले होते तेही हेच.

मातीतला हा गुण काही दगडांत फार वरच्या प्रतीचा असतो. त्या दगडांना झिओलाइट म्हणतात. हे नाव क्रॉनस्टेड या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने १७५६ साली दिले. तापवल्यावर दगडातून पाणी उकळल्यासारखे बाहेर येई, म्हणून ग्रीक भाषेत ‘उकळणारा दगड’. मधमाशांच्या पोळ्यासारखी त्याची आतली रचना असते. घरे एका ठरावीक मापाची, त्यांच्या दारांचेही माप ठरलेले. त्यामुळे ज्या धातूचा अणू त्या दारातून नीट आत जातो आणि आत मानवतो, त्यालाच हा दगड आधी धरतो.

पुणेकरांना झिओलाइटची ओळख वेगळी करून देण्याची गरज नसावी. वाघोलीच्या खाणीत सुरुंग उडाला की काळ्या कातळाच्या पोकळीत जे पांढरे, गुलाबी, मोत्यासारखे चमकणारे स्फटिक दिसतात ते हेच. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, मॉर्डेनाइट अशी त्यांची नावे. वाघोलीचा निळाभोर कॅव्हन्साइट तर जगातल्या संग्रहालयांत जाऊन बसला आहे. तो झिओलाइट नव्हे, पण त्यांच्याच संगतीने सापडतो. खाणीतल्या वडार बायका या स्फटिकांना ‘गारगोटी’ म्हणतात आणि बहुतेक गारगोटी खडीबरोबर क्रशरमध्ये जाते.

या दगडांची ख्याती परदेशी पोचली ती प्रामुख्याने बोरघाटातल्या रेल्वेच्या कामामुळे. १८५६ साली ते काम सुरू झाले आणि १८६३ साली घाटातून गाडी धावली. पंचवीस बोगदे आणि १,८३१ फुटांची चढण. कातळ फोडताना निघालेले स्फटिक साहेबलोकांनी उचलून नेले आणि ते विलायतेतल्या कपाटांत मांडले गेले. कातळ फोडणाऱ्यांचे काय झाले? १८६१ च्या जानेवारीत बेचाळीस हजारांवर माणसे घाटात राबत होती. पटकीच्या साथींत त्यांतली हजारो मेली. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत फॅव्हिएल या ठेकेदाराने ठेका सोडला. त्याच्या जागी आलेला ट्रेडवेल हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर काही आठवड्यांतच वारला, तेव्हा त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, काम पुढे चालवले. तिचे नाव इतिहासात राहिले आहे. मजुरांची नावे राहिली नाहीत. हे थोडे विषयांतर झाले, पण दगडाचा इतिहास सांगताना दगड फोडणारा सोडून द्यावा, हे आमच्याच्याने होत नाही.

आता अणुभट्टीच्या पाण्याकडे वळू. भट्टीत युरेनियमचे अणू फुटतात आणि त्यांच्या तुकड्यांतून नवे धातू तयार होतात. त्यांतले दोन आपल्या विषयाच्या दृष्टीने मुख्य : सीझियम-१३७ आणि स्ट्राँशियम-९०. शिवाय नळांच्या पोलादातला कोबाल्ट भट्टीच्या माऱ्याने किरणोत्सर्गी होतो, तो तिसरा. जळालेले इंधन ज्या तळ्यात वर्षानुवर्षे बुडवून ठेवतात त्याचे पाणी, यंत्रे धुतलेले पाणी, कामगारांचे कपडे जिथे धुतले जातात तिथले साबणाचे पाणी, या सगळ्यांतून हे धातू कमीअधिक प्रमाणात येतात. जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करण्याच्या कारखान्यातले पाणी तर याहून कितीतरी पटींनी प्रखर असते.

सीझियम हे रसायनाच्या दृष्टीने पोटॅशियमचे भावंड. शरीर फसते आणि पोटॅशियम समजून त्याला स्नायूंत जागा देते. स्ट्राँशियम हे कॅल्शियमचे भावंड. ते हाडांत जाऊन बसते. दोन्हींचे आयुष्य साधारण सारखे. दर तीस वर्षांनी त्यांचे तेज निम्मे होते. तीस वर्षे ऐकायला फार वाटत नाहीत. पण निम्म्याचे निम्मे, त्याचेही निम्मे, असे दहा वेळा होईल तेव्हा कुठे हजारावा हिस्सा उरतो. म्हणजे तीनशे वर्षे. १७३० साली बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला त्या दिवशी एका पेटीत सीझियम बंद करून ठेवले असते, तर तेज हजारावा हिस्सा राहायला आजचा काळ उजाडला असता. मधल्या काळात वाडा बांधला, जळला, राज्य गेले, इंग्रज आले आणि गेले. पेटी मात्र कुणीतरी सांभाळायला हवी होती.

आणखी एक अडचण आहे. पाण्यात सीझियम असते ते नखाएवढेही नाही, आणि त्याच पाण्यात साधे सोडियम त्याच्या हजारो-लाखो पट असते. समुद्रकाठच्या पाण्यात तर असतेच. पण इंधनाच्या कारखान्यातल्या पाण्यात आम्ल मारण्यासाठी सोडा घातलेला असतो, त्यामुळे तिथेही असते. साध्या रेझिनमधून हे पाणी सोडले तर सगळी घरे सोडियमच अडवून बसेल. मुंबईच्या लोकलमध्ये विरारहून चढणाऱ्याला जागा मिळते, बोरिवलीकर लोंबकळतो, तशातली गत. तेव्हा गर्दीतून नेमका एकच माणूस ओळखून त्याला हाताला धरून बसवील, असे शोषक हवे. गेल्या सहा-सात दशकांत या क्षेत्रात जी खटपट झाली तिचा गाभा हाच.

आपल्या देशात ही खटपट सुरू झाली ती ट्रॉम्बेला. डॉ. होमी भाभांच्या नेतृत्वाखाली १९५४ साली तिथे अणुशक्ती केंद्र उभे राहू लागले. १९५६ च्या ऑगस्टमध्ये अप्सरा ही पहिली भट्टी सुरू झाली, १९६० साली सायरस. १९६४ साली जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम काढण्याचा कारखाना चालू झाला आणि खऱ्या अर्थाने जहाल पाणी तेव्हापासून निर्माण होऊ लागले. भाभा १९६६ साली विमान-अपघातात गेले आणि पुढच्या वर्षी केंद्राला त्यांचे नाव मिळाले. १९६९ च्या ऑक्टोबरात पालघरच्या किनाऱ्यावर, बोईसर स्टेशनापासून जवळच, तारापूरचे वीजकेंद्र चालू झाले. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बनावटीच्या दोन भट्ट्या, देशातली अणुविजेची पहिली केंद्रे. वीज कारखान्यांना मिळाली आणि ऊन पाणी अरबी समुद्राला. पुढे २००५ आणि २००६ साली तिथे आणखी दोन भट्ट्या सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

कमी प्रखर पाण्यासाठी जी रीत या ठिकाणी रुळली ती पाहिली की आपल्याला निवळीचीच आठवण होते. पाण्यात बेरियमचा क्षार आणि सल्फेट घालतात. त्यांचा पांढरा साका होतो आणि तो स्ट्राँशियमला ओढून घेऊन तळाला बसतो. मोरचूद आणि पोटॅशियम फेरोसायनाइड घातले की तांबूस साका होतो, तो सीझियमला धरतो. लोखंडाचा क्षार उरलेल्यांना गोळा करतो. साका सिमेंटात कालवून घट्ट करतात आणि वरचे पाणी मोजून, विरळ करून समुद्रात सोडतात. यातले फेरोसायनाइड कुणाला परके वाटू नये. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये निघालेला चित्रकारांचा प्रसिद्ध निळा रंग, प्रशियन ब्लू, याच कुळातला. त्याच्या स्फटिकातल्या पोकळीत सीझियम नेमके मावते, ही गोष्ट रंगाऱ्यांना अडीचशे वर्षे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पण साक्याची रीत मध्यम प्रखरतेच्या, सोड्याने भरलेल्या पाण्याला पुरेशी पडत नाही. साक्याचे ढीग फार होतात. ट्रॉम्बे आणि तारापूरच्या टाक्यांत असे पाणी वर्षानुवर्षे साठत गेले. त्यासाठी भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी जे रेझिन घडवले त्याचे नाव रिसॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाइड. नाव अवघड आहे, पण जात ओळखीची. बेकेलाइट माहीत असलेल्या श्रोत्यांना फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांची सोयरीक माहीत असेल. १९३५ साली इंग्लंडात अ‍ॅडम्स आणि होम्स यांनी याच सोयरिकीतून पहिले कृत्रिम विनिमय-रेझिन केले. फुटक्या ग्रामोफोन तबकडीवरून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. खरे असो वा नसो, गोष्ट आम्हाला आवडते. फिनॉलच्या जागी रिसॉर्सिनॉल घातले की सोड्याच्या पाण्यात ते रेझिन सोडियमच्या गर्दीतून सीझियमला वेचून घेते. स्ट्राँशियमसाठी जोडीला दुसरे रेझिन ठेवतात. रेझिन भरले की विरळ नायट्रिक आम्लाने धुतात; सीझियम थोड्याशा आम्लात उतरते आणि रेझिन पुन्हा कामाला लागते. उतरलेले सीझियम भट्टीत काचेबरोबर वितळवून पोलादी भांड्यांत ओततात. काच करण्याचा देशातला पहिला कारखाना तारापूरला ऐंशीच्या दशकात सुरू झाला, ट्रॉम्बेचा २००२ साली.

हे काम आपल्या माणसांनी आपल्या रसायनांतून, परदेशाच्या दाराशी न जाता उभे केले आहे. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर दारे बंदच झाली होती, म्हणा. या शास्त्रज्ञांविषयी आम्हाला आदर आहे आणि तो आम्ही हातचा राखून बोलत नाही.

आता पुण्याच्या दगडाकडे थोडे परत येऊ, कारण वाघोलीच्या एका सभेत एका तरुणाने आम्हाला विचारले होते, ‘‘दादा, मग आपली गारगोटी सोन्याच्या भावानं विकली का जात नाही?’’ त्याचे उत्तर असे. इंग्लंडातल्या सेलाफील्ड येथे इंधनाच्या तळ्यांचे पाणी सत्तरीच्या दशकात आयरिश समुद्रात जात होते आणि तिथल्या पाण्यात सीझियम फार वाढले होते. १९८५ साली तिथे नवी गाळणी सुरू झाली. ती क्लिनोप्टिलोलाइट नावाच्या नैसर्गिक झिओलाइटने भरलेली होती आणि तो दगड कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातून बोटीने आणला होता. समुद्रात जाणारे सीझियम एकदम उतरले. हा क्लिनोप्टिलोलाइट आपल्या ह्यूलँडाइटचा सख्खा भाऊ. दोघांचा सांगाडा एकच. पण कॅलिफोर्नियात तो ज्वालामुखीच्या राखेच्या थरांत डोंगरच्या डोंगर सापडतो, आणि आपल्याकडे कातळातल्या एखाद्या पोकळीत मूठभर. तेव्हा वाघोलीचा दगड कपाटाच्या शोभेचा. टनांनी लागणाऱ्या कामाचा नव्हे. कृत्रिम झिओलाइट मात्र पुण्यात झाले. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ऐंशीच्या दशकात ते करून बडोद्याच्या पेट्रोरसायन कारखान्यात उत्प्रेरक म्हणून वापरून दाखवले.

झिओलाइटची खरी कसोटी मोठ्या अपघातांत लागली. १९७९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडची भट्टी अर्धीअधिक वितळली आणि इमारतीच्या तळघरात वीस लाख लिटरांहून जास्त जहाल पाणी तुंबले. १९८१ साली ते झिओलाइटच्या टाक्यांतून काढू लागले. त्या टाक्या जमिनीवर ठेवल्या नाहीत. इंधनाच्या तळ्यातच पाण्याखाली बुडवून ठेवल्या, कारण भरलेला झिओलाइट इतका प्रखर होई की त्याच्या शेजारी माणूस उभा राहू शकत नसे. वरचे पाणीच त्याची भिंत. ‘मण्यात बसलंय’ याचा अर्थ इथे किती भारी होतो पाहा. तळघरभर पसरलेले विष एका टाकीत आले, म्हणजे त्या टाकीजवळ ते तितक्याच पटींनी दाट झाले.

२०११ च्या मार्चमध्ये जपानात फुकुशिमा झाले. त्या महिन्याच्या २४ तारखेला तीन कामगार केबल ओढण्यासाठी तिसऱ्या भट्टीच्या तळघरात उतरले. त्यांतल्या दोघांच्या पायात उंच बूट नव्हते. घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभे राहून त्यांनी काम केले आणि दोघांना पाय भाजल्याच्या संशयावरून इस्पितळात न्यावे लागले. जूनपासून झिओलाइटच्या टाक्या सुरू झाल्या. पुढे २०१३ पासून बासष्ट प्रकारची किरणोत्सर्गी द्रव्ये काढणारी, निरनिराळ्या शोषकांच्या टाक्यांची मोठी यंत्रणा बसली. पाणी गाळून हजारावर टाक्यांत साठत गेले आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते विरळ करून समुद्रात सोडायला प्रारंभ झाला. त्या वेळी जगभर चर्चा झाली ती ट्रिटियमची. ट्रिटियम म्हणजे जड हायड्रोजन. तो स्वतःच पाणी होऊन बसतो, म्हणून कुठलाही दगड वा रेझिन त्याला पाण्यातून वेचू शकत नाही. कारवारजवळच्या कैगा केंद्रात २००९ च्या नोव्हेंबरात कुणीतरी असले पाणी कामगारांच्या पिण्याच्या कूलरमध्ये मिसळले आणि पन्नासहून अधिक जणांच्या लघवीत ते सापडले. गाळणीच्या शास्त्राला मर्यादा आहे, आणि तिथे कुलूप-किल्ली आणि शिस्त यांवरच भिस्त ठेवावी लागते, एवढे त्यातून दिसते.

पण त्याच २०२३ सालच्या ऑक्टोबरात फुकुशिमाच्या त्या गाळणीत जे घडले त्याची चर्चा फारशी झाली नाही. नळांत जमलेला थर आम्लाने धुण्याचे काम चालू होते. रबरी नळी टाकीतून निसटली आणि पाच कामगारांच्या अंगावर किरणोत्सर्गी पाणी उडाले. पाचही जण पोटठेकेदारांचे. पाणी अंगात जिरू न देणारा पोशाख त्यांतल्या काहींच्या अंगावर नव्हता. दोघांना इस्पितळात न्यावे लागले. उडालेले पाणी कंपनीने आधी शंभर मिलिलिटर सांगितले, नंतर काही लिटर. आम्हाला तत्क्षणी भोसरीचा तो गृहस्थ आठवला. ‘‘मणी भरले की अ‍ॅसिडनं धुवायचे. ते धुणार कोण?’’

जपानात ठेक्यावर एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात फिरणाऱ्या कामगारांना ‘अणुकेंद्रांचे जिप्सी’ म्हणत. कुनिओ होरिए नावाच्या लेखकाने स्वतः असा मजूर होऊन तीन केंद्रांत काम केले आणि १९७९ साली त्याच नावाचे पुस्तक लिहिले. सगळ्या देशांत या धंद्याची घडण सारखी आहे. पटावरचा कुशल माणूस वर्षाकाठी ठरलेल्या मर्यादेपर्यंतच किरण घेऊ शकतो, म्हणून घासण्या-पुसण्याचे, टाकी उघडण्याचे, पिंपे हलवण्याचे काम जास्त माणसांत वाटून द्यावे लागते. ती जास्त माणसे बाहेरून येतात. हा दुष्टपणा नाही, गणित आहे. आपल्या देशातली मर्यादा पाच वर्षांत मिळून १०० मिलिसीव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात ३० हून जास्त नाही. मर्यादा चांगली आहे. पण ती माणसाच्या मागोमाग चालली तरच उपयोगी. ठेका संपला, माणूस दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला, की त्याचा हिशोब त्याच्याबरोबर गेला पाहिजे.

याबाबत एक अनुभव सांगतो. ठिकाण ट्रॉम्बे नव्हे आणि तारापूरही नव्हे. पुण्याच्याच परिसरातला, पाइपांच्या वेल्डिंगचे गॅमा किरणांनी फोटो काढून देणारा एक ठेकेदार. त्याच्याकडचा एक तरुण आमच्या कार्यालयात आला. किरण मोजणारा बिल्ला त्याच्या नावाचा होता, पण तो ठेकेदाराच्या टेबलाच्या खणात असे. ‘‘तपासणीला बिल्ला जातो, मी नाही,’’ तो म्हणाला. बिल्ल्यावर किती आकडा आला हे त्याला तीन वर्षांत एकदाही कळले नव्हते. आम्ही पत्रव्यवहार केला, चकरा मारल्या. शेवटी आकडे हाती आले तेव्हा सगळे जवळजवळ शून्य होते. खणातल्या बिल्ल्याला किरण कुठून लागणार? त्या तरुणाने प्रत्यक्षात किती घेतले, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. आमचा तो सपशेल पराभव होता.

म्हणून गेल्या काही वर्षांत आमच्या संघटनेची मागणी एकच आणि छोटी आहे. किरणांत काम करणाऱ्या प्रत्येक ठेकेदारी कामगाराच्या हातात, त्याला वाचता येईल अशा मराठीत, त्याच्या आकड्यांचे पुस्तक असावे. बँकेचे पासबुक असते तसे. एका अधिकाऱ्याने आम्हाला समजावले की हे सगळे संगणकात असतेच. असेल. पण पगारही खात्यात जमा होतोच, तरी पावती आपण मागतोच की.

शोषकांच्या इतिहासातली एक बाजू सांगायची राहिली. १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात दोघा भंगारवाल्यांनी एका ओस पडलेल्या दवाखान्यातले यंत्र उचलून नेले. त्यात सीझियमच्या क्षाराची पूड होती, अंधारात निळी चमकणारी आणि पाण्यात विरघळणारी. ती घरोघर गेली, मुलांनी अंगाला फासली. चार माणसे मेली, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. अडीचशेच्या आसपास लोकांना बाधा झाली. त्यांना औषध म्हणून जे पोटात दिले ते प्रशियन ब्लू. आतड्यात सीझियमला धरून ते मळावाटे बाहेर काढी. तारापूरच्या हौदातला साका आणि गोयानियाच्या रुग्णांची गोळी एकाच कुळातली.

आणि ट्रॉम्बेने अलीकडे, २०१५ च्या सुमारास, याच सीझियमला वेगळे वळण दिले. साठलेल्या जहाल पाण्यातून काढलेले सीझियम काचेत मुरवून त्याच्या पेन्सिली केल्या. रक्तपेढ्यांतल्या यंत्रांत त्या बसवतात. फार अशक्त रुग्णाला रक्त देण्याआधी त्यातल्या विशिष्ट पांढऱ्या पेशी किरणांनी निष्प्रभ कराव्या लागतात, नाहीतर त्या रुग्णावरच उलटतात. काच पाण्यात विरघळत नाही, पुडीसारखी उडत नाही. गोयानियाचा धडा त्या पेन्सिलीत आहे.

बाकीचे सीझियम पोलादी भांड्यांत, काचेत, तारापूरच्या कोठारात असते. ही भांडी आतल्या किरणोत्सर्गाने स्वतःच गरम राहतात, आणि ती निवावीत म्हणून कोठाराला एक उंच धुराडे बांधले आहे. पंखा नाही, पंप नाही. खालून गार हवा आत येते, भांड्यांमधून तापून वर जाते आणि धुराड्यातून निघते. धूर दिसत नाही. कोळीवाड्यांतल्या होड्या समुद्रात जाताना ते धुराडे लांबून दिसत असेल, तर त्यांना ते बंदच वाटत असेल. पण हवा रात्रंदिवस वाहते आहे, आणि भांड्यांवरचे क्रमांक, तारखा आणि आकडे लिहिलेली वही आत कुणाच्या तरी ताब्यात आहे.